रेसलरच्या आत्मचरित्रात खरं किती? प्रो रेसलिंगची पुस्तकं निवडायची, वाचायची आणि पडताळायची कशी

रेसलर मिक फोलीने १९९९ साली आपल्या पहिल्या पुस्तकात रिक फ्लेअरबद्दल लिहिलं की रेसलर म्हणून हा माणूस जितका थोर, तितकाच बुकर (मॅचेस आणि निकाल ठरवणारा) म्हणून वाईट. फ्लेअरने २००४ च्या आत्मचरित्रात त्याची परतफेड केली आणि फोलीला स्टंटमनच्या रांगेत बसवलं. भांडण खरं होतं, राग खरा होता. मग २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या रेसलिंग कंपनीने हेच भांडण उचलून टीव्हीवर आणलं आणि त्या वर्षीच्या समरस्लॅममध्ये दोघांची ‘आय क्विट’ मॅच लावली. पुस्तकातलं उणंदुणं दोन वर्षांत तिकीट विकायच्या कामी आलं.

या क्षेत्रातली पुस्तकं वाचायची अडचण इथेच आहे. लिहिणाऱ्याने पंचवीस-तीस वर्षं बनाव खरा वाटायला लावून पोट भरलेलं असतं. लिहायला बसल्यावर ती सवय सुटत नाही. पण सगळंच थापा म्हणून बाजूला ठेवलं तर नुकसान वाचणाऱ्याचंच, कारण ड्रेसिंग रूमच्या आत काय चालायचं हे सांगणारं दुसरं फारसं काही उपलब्ध नाही. तेव्हा नीट वाचायला शिकणं हाच उपाय.

आधी सात-आठ शब्द पक्के करा

चाहत्यांची चर्चा आणि पुस्तकं, दोन्हीकडे हे शब्द समजावून न सांगता वापरले जातात. ‘केफेब’ म्हणजे रिंगमधलं सगळं खरंच आहे असं बाहेरच्या जगासमोर वागत राहण्याचा धंद्याचा नियम. ‘वर्क’ म्हणजे ठरवून केलेलं, ‘शूट’ म्हणजे न ठरवता खरोखर घडलेलं. ‘हील’ खलनायक आणि ‘बेबीफेस’ नायक. ‘अँगल’ म्हणजे कथानकाचा तुकडा. ‘बुकर’ म्हणजे कोण जिंकणार, कोण हरणार आणि पुढच्या महिन्यात कोण कोणाशी भिडणार हे ठरवणारा. आणि ‘मार्क’ म्हणजे बनावाला खरं मानणारा प्रेक्षक. हा शेवटचा शब्द विसरू नका, कारण पुस्तक वाचताना मार्क व्हायची पाळी आपल्यावर असते.

नवा वाचक एक घोटाळा हमखास करतो. शूट शब्द दिसला की ‘म्हणजे हे खरं’ असं तो समजतो. पण शूट वाटावं म्हणून रचलेलं वर्कही असतं, आणि पुस्तकांत ते भरपूर आहे.

छापील माहितीचं पान मजकुराआधी वाचा

मुखपृष्ठ उलटलं की प्रकाशक, वर्ष आणि हक्क यांची माहिती देणारं पान येतं. तिथे चार गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे हक्क कोणाचे. फ्लेअर, एडी गरेरो, शॉन मायकल्स, एरिक बिशॉफ यांची २००४ ते २००६ मधली पुस्तकं डब्ल्यूडब्ल्यूईच्याच प्रकाशनातून आली. अशा पुस्तकात कंपनीच्या मालकावर टीका असली तरी ती कंपनीला चालेल इतपतच असते, आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या हरलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीची यथेच्छ धुलाई असते. ब्रेट हार्टचं ‘हिटमॅन’ बाहेरच्या प्रकाशकाकडून आलं आणि त्याचा सूर लगेच वेगळा लागतो. इथे एक गंमत सांगायला हवी. टोरांटोची ईसीडब्ल्यू प्रेस रेसलिंगवरची बरीच पुस्तकं काढते, पण तिचा एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग (ईसीडब्ल्यू) या रेसलिंग कंपनीशी काही संबंध नाही. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘एसेज ऑन कॅनेडियन रायटिंग’ या साहित्यविषयक नियतकालिकाची ती आद्याक्षरं आहेत.

दुसरी गोष्ट शब्दांकन. रेसलरच्या नावाखाली लहान अक्षरांत दुसरं नाव असेल तर आवाज गाळणीतून आलाय असं समजा. शब्दांकन वाईटच असतं असं नाही. रेसलर क्रिस जेरिकोच्या ‘अ लायन्स टेल’ला सहलेखक आहे, तरी बोलणं जेरिकोचंच वाटतं. फोलीने मात्र ‘हॅव अ नाइस डे’साठी नेमलेल्या लेखकाला बाजूला सारून सातशेहून अधिक पानं स्वतः हाताने लिहून काढली. ते पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यानंतर रेसलरांच्या आत्मचरित्रांचा पूर आला.

तिसरी गोष्ट वर्ष. पुस्तक आलं तेव्हा लेखक कोणाच्या पगारावर होता? ज्याला अजून रिंगमध्ये उतरायचं आहे तो सहकाऱ्यांबद्दल हातचं राखून लिहितो. जून २००७ च्या आधीच्या पुस्तकांत क्रिस बेन्वाबद्दलचं कौतुक वाचताना तर वर्ष डोळ्यांसमोर हवंच. त्या महिन्यात त्याने पत्नी आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली. आधीची पानं त्या घटनेच्या नजरेने वाचली तर लेखकावर अन्याय होतो.

चौथी गोष्ट शेवटची पानं. सूची आणि संदर्भटिपा आहेत का ते बघा. आत्मचरित्रात टिपा नसल्या तर चालतं. इतिहास म्हणवणाऱ्या पुस्तकात नसतील तर त्याला एक पायरी खाली ठेवा.

पहिलं पुस्तक

रेसलिंग थोडंफार पाहिलं असेल तर ‘हॅव अ नाइस डे’पासून सुरुवात करा. यावर चाहत्यांचं जितकं एकमत आहे तितकं दुसऱ्या कुठल्याही पुस्तकावर नाही, आणि ते एकमत योग्य आहे. कारण फोली दुखापतीचं यंत्र उघडून दाखवतो. मार्च १९९४ मध्ये म्युनिकला व्हेडरशी लढताना त्याचा उजवा कान तुटला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. का तुटला हे पुस्तकात कळतं. वरच्या दोन दोरांत मान अडकवून लटकायचं हा त्याचा नेहमीचा खेळ होता. त्यासाठी दोरांना थोडी ढील लागते. त्या रात्री दोर नेहमीपेक्षा घट्ट ताणलेले होते, त्यामुळे मान सुटेना आणि ओढून काढताना कान गेला. असा कारणासहित तपशील जिथे मिळतो तिथे लेखकावर विश्वास ठेवायला जागा आहे.

दुसरं ‘अ लायन्स टेल’. ते कॅलगरी, मेक्सिको, जर्मनी, जपान करत १९९९ च्या ऑगस्टमध्ये जेरिको डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) रिंगमध्ये पाऊल टाकतो तिथे संपतं. चाहते त्याच्या पुढच्या पुस्तकांपेक्षा हेच वर ठेवतात, आणि त्यातून एक उपयोगी ठोकताळा निघतो: धडपडीची वर्षं वाचनीय असतात, स्टार झाल्यानंतरची वर्षं मॅचांच्या यादीसारखी होतात. उपाशीपोटी केलेला प्रवास माणसाला बारकाव्यांसह आठवतो, सलग सहावी टायटल मॅच आठवत नाही. पुस्तक विकत घ्यायचं की नाही हे ठरवायला अनुक्रमणिका बघा. निम्म्याहून अधिक प्रकरणं प्रसिद्धीच्या आधीची असतील तर बिनधास्त घ्या.

पात्राच्या आवाजात लिहिलेली पुस्तकं मात्र टाळा. द रॉकचं २००० सालचं पुस्तक अधूनमधून रिंगमधल्या रॉकच्याच तोऱ्यात बोलतं. तेव्हा ते धडाधड खपलं, आज हाताशी फारसं काही लागत नाही.

एकटं पुस्तक वाचू नका, जोडी लावा

पूर्ण लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. वादग्रस्त घटनेवर किमान दोन परस्परविरोधी माणसांची प्रकरणं लागोपाठ वाचायची, मधे आठवडा जाऊ द्यायचा नाही.

सरावासाठी मॉन्ट्रियल घ्या. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज. चॅम्पियन ब्रेट हार्ट डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाला होता आणि कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता. ठरलेला शेवट वेगळाच होता. मायकल्सने हार्टचाच शार्पशूटर हा पेच लावला आणि हार्टने हार मानलेली नसताना कंपनीचा मालक विन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. मायकल्सचं ‘हार्टब्रेक अँड ट्रायम्फ’ २००५ चं, हार्टचं ‘हिटमॅन’ २००७ चं. एका कागदावर तीन रकाने आखा: आधीपासून कोणाला माहीत होतं, शेवट काय ठरला होता, नंतर ड्रेसिंग रूममध्ये काय झालं. दोन्ही प्रकरणं वाचून भरा.

दोघांचं जुळतं ते प्रथम बाजूला काढा. मायकल्सने घटनेनंतर बरीच वर्षं हात झटकले होते, पण पुस्तकात तो कटात सामील असल्याचं कबूल करतो. स्वतःला अडचणीत आणणारं विधान बढाईपेक्षा जास्त वजनाचं असतं. मग न जुळणारं पाहा. कंपनीच्या बाजूचं म्हणणं असं की चॅम्पियन पट्टा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टीव्हीवर गेला असता. ही भीती हवेतली नव्हती, कारण डिसेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला पट्टा नायट्रो या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या टीव्ही कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला गेला होता. हार्टचं म्हणणं, आपण नंतर किंवा दुसऱ्या कोणाकडून हरायला तयार होतो आणि शेवटच्या तीस दिवसांत निर्णयात बोलण्याचा हक्क करारातच होता. दोघे तथ्यावर कमी आणि हेतूवर जास्त भांडतात हे रकाने भरले की लगेच दिसतं. शिवाय इथे तिसरा पुरावा आहे. त्या दिवशी हार्टच्या मागे माहितीपटाचं पथक होतं आणि मॅकमहनशी झालेलं बोलणं त्याच्या अंगावरच्या मायक्रोफोनने टिपलंय. आठवण आणि ध्वनिमुद्रण यांची तुलना करायची इतकी चांगली संधी या विषयात पुन्हा मिळत नाही.

दुसरा सराव अवघड आहे: डब्ल्यूसीडब्ल्यू का बुडालं? इथे तीन पुस्तकं लागतात. ब्रायन अल्वारेझ आणि आर. डी. रेनॉल्ड्स यांचं ‘द डेथ ऑफ डब्ल्यूसीडब्ल्यू’ दोष भिकार बुकिंगला आणि उधळपट्टीला देतं. डब्ल्यूसीडब्ल्यूचा माजी प्रमुख बिशॉफ याचं २००६ चं पुस्तक वरच्या कॉर्पोरेट मंडळींकडे बोट दाखवतं. गाय एव्हान्सचं २०१८ चं ‘नायट्रो’ शंभराहून अधिक मुलाखती आणि कंपनीच्या आतले कागद घेऊन बसतं. चाहत्यांत पहिलं सर्वात लाडकं, कारण ते हसवतं. तिसऱ्याला रुक्ष म्हणणारे आहेत, पण वाद घालताना उद्धृत तेच करतात. हे तिन्ही वाचल्यावर एक जाणवतं. बुकिंगमुळे प्रेक्षक गेले आणि तोटा झाला हे खरं. पण मार्च २००१ मध्ये वाहिनीच्या नव्या व्यवस्थापनाने टीव्हीवरची जागाच काढून घेतली, आणि टीव्हीविना रेसलिंग कंपनी विकत घेण्यात बाहेरच्या गुंतवणूकदाराला रस उरला नाही. आजाराचं कारण एक आणि मृत्यूचं दुसरं. कुठलंही एक पुस्तक वाचून थांबणारा यातलं अर्धंच घेऊन जातो.

तारखा आणि निकाल पडताळण्याची रीत

कुठलाही किस्सा तीन तुकड्यांत फोडा. तारीख आणि ठिकाण, प्रतिस्पर्धी आणि निकाल, पडद्यामागचं बोलणं. पहिले दोन केजमॅच या संकेतस्थळासारख्या नोंदसंग्रहात तपासता येतात. तिसरा सहसा येत नाही. म्हणून पहिल्या दोन तुकड्यांचा उपयोग लेखकाची परीक्षा घ्यायला करायचा.

प्रत्येक पुस्तकातले दहा किस्से निवडा, सुरुवातीचे तीन, मधले चार, शेवटचे तीन. चुका मोजा आणि त्यांची दिशा बघा. वर्षाला दोनशेहून जास्त रात्री रिंगमध्ये आणि डोक्यावर अगणित मार खाल्लेला माणूस दोन रात्री एकत्र करतो, गावाचं नाव चुकवतो. असल्या चुका चारी दिशांना पसरलेल्या असतील तर त्या स्मृतीच्या चुका आहेत. दर वेळी गर्दी वाढते, प्रतिस्पर्ध्याचं वजन वाढते आणि निर्णय लेखकाचाच असतो, असं दिसलं तर पडद्यामागच्या किस्स्यांनाही तितकंच तिखटमीठ लागलेलं आहे असं धरा. हार्टच्या पुस्तकातल्या तपशिलांना वजन आहे त्याचं कारणही हेच: दौऱ्यावर असताना तो टेपवर रोजनिशी बोलून ठेवायचा.

चूक जाहीर करण्याआधी दोन सापळे तपासा.

एक म्हणजे चित्रीकरणाचा दिवस आणि प्रक्षेपणाचा दिवस. फोलीने पहिला डब्ल्यूडब्ल्यूएफ किताब जिंकला ती मॅच वूस्टरला २९ डिसेंबर १९९८ ला चित्रित झाली आणि ४ जानेवारी १९९९ ला दाखवली गेली. पुस्तकात डिसेंबर आणि नोंदीत जानेवारी दिसलं तर दोन्ही बरोबर आहेत. एकाच रात्री अनेक आठवड्यांचे कार्यक्रम उरकायची पद्धत जुनी आहे, म्हणून ऐंशीच्या दशकातल्या नोंदींत हा घोळ सतत भेटतो.

दुसरा, जाहिरात झालेलं कार्ड आणि प्रत्यक्ष झालेल्या मॅचेस. छोट्या शोची नोंद बऱ्याचदा आधी छापलेल्या जाहिरातीवरून होते. कोणी जखमी झाला, कोणाचं विमान चुकलं, तर नोंदसंग्रहच चुकीचा असतो आणि रेसलर बरोबर.

आकड्यांना वेगळा नियम. रेसलमेनिया ३, मार्च १९८७, पॉन्टियॅक सिल्व्हरडोम. जाहीर गर्दी ९३,१७३. रेसलिंग पत्रकार डेव्ह मेल्ट्झर बरीच वर्षं सुमारे ७८,००० सांगत आलाय आणि चाहत्यांचं यावरून अजूनही वाजतं. वाचताना आकड्यापुढे ‘जाहीर’ की ‘मोजलेला’ हे पेन्सिलीने लिहायचं, निवाडा करत बसायचा नाही. त्याच कार्यक्रमातल्या हल्क होगनविरुद्धच्या मॅचआधी आंद्रे द जायंट पंधरा वर्षं अजिंक्य असल्याचा गाजावाजा झाला होता. जून १९८६ मध्येच तो जपानमध्ये अँटोनियो इनोकीकडून हरला होता. असं वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आलं की समजायचं, लेखक केफेबमधून बाहेर यायला विसरलाय.

पाच पुस्तकं, एकच झरा

जुन्या इतिहासात एक फसगत वारंवार होते. एक गोष्ट पाच पुस्तकांत सापडते, म्हणून ती पक्की वाटते. प्रत्यक्षात पाचही जणांनी ती एकाच ठिकाणाहून उचललेली असते. १९२० च्या दशकात टूट्स माँड, एड ‘स्ट्रँगलर’ लुईस आणि बिली सँडो या त्रिकुटाने आधुनिक रेसलिंग घडवलं, ही कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ती बरीचशी मार्कस ग्रिफिनच्या १९३७ च्या ‘फॉल गाइज’मधून येते, आणि त्यात माँडचा वाटा फुगवलेला असल्याचं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. त्यामुळे ‘फॉल गाइज’ वाचायचं तर टिपांसहित निघालेली नवी आवृत्ती घ्या. प्रवर्तकांच्या (प्रमोटरांच्या) मक्तेदारीसाठी टिम हॉर्नबेकरचं एनडब्ल्यूए या प्रवर्तकांच्या संघटनेवरचं २००७ चं पुस्तक धरा. १९४८ ची स्थापना, १९५६ चा अमेरिकी न्याय विभागाशी झालेला समझोता, सगळं कागदांवरून मांडलंय. वाचायला जड आहे, सलग वाचू नका. सूचीतून एकेक प्रवर्तक उचला.

चाहत्यांची मतं गाळून घ्यायची कशी

पाच तारे देणारा बहुतेक वेळा पुस्तकाला नव्हे, लहानपणीच्या हिरोला तारे देतो. एक तारा देणारा जुना राग काढतो. कामाची मतं दोन ते चार ताऱ्यांत असतात, आणि त्यातही पुस्तक आल्यावर वर्ष-दोन वर्षांनी लिहिलेली. प्रकाशनाच्या आठवड्यातली मतं एखाद्या सनसनाटी उताऱ्यावर अडकलेली असतात.

काही शेरे ठरलेले असतात, त्यांचा अर्थ लावायला शिका. ‘रोड स्टोरीज मस्त’ म्हणजे प्रवासातले किस्से भरपूर, तारखांची अपेक्षा नको. ‘स्वतःचीच लाल’ हा शेरा ‘हिटमॅन’वरही सापडतो आणि काहीसा खराही आहे, पण त्यासाठी हे पुस्तक सोडणं म्हणजे मोठा तोटा. ‘विकिपीडिया वाचल्यासारखं’ हा शेरा गंभीरपणे घ्या, त्यात लेखकाने मॅचेस पुन्हा सांगण्यापलीकडे काही केलेलं नसतं. ‘लेखक चाहता नाही’ ही तक्रार मात्र उलटी वाचा. बाहेरून आलेला पत्रकार चालींची नावं चुकवतो, पण कोर्टाचे कागद आणि कुटुंबातली माणसं तोच शोधतो. विन्स मॅकमहनवरच्या २०२३ च्या ‘रिंगमास्टर’बाबत हेच झालं. त्याच्या बालपणाचं संशोधन जवळपास सगळ्यांनी मानलं, राजकारणाशी जोडलेला सिद्धांत अनेकांना पटला नाही. दोन्ही मतं एकाच वेळी बरोबर असू शकतात.

मेल्ट्झरच्या ऑब्झर्व्हर न्यूजलेटरचे वाचक दर वर्षी सर्वोत्तम रेसलिंग पुस्तकही निवडतात. यादी करायला ते सोयीचं आहे. फक्त मत देणारा वर्ग पडद्यामागच्या राजकारणात रमणारा आहे हे धरून चाला. महिला रेसलिंगवरची चांगली पुस्तकं, उदाहरणार्थ रेसलर मिल्ड्रेड बर्कवरचं जेफ लीनचं २००९ चं चरित्र, चाहत्यांच्या गप्पांत कमी येतात. ती मुद्दाम शोधावी लागतात.

आवृत्ती आणि प्रत

‘द डेथ ऑफ डब्ल्यूसीडब्ल्यू’ची २००४ ची प्रत स्वस्तात दिसली तरी २०१४ ची वाढीव आवृत्ती घ्या. मॅनेजर गॅरी हार्टचं आत्मचरित्र जाणकार फार वरचं मानतात, पण ते मर्यादित प्रतींत निघालं होतं आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात भाव अवाच्या सवा असतो. घाई करू नका, ग्रंथालयांच्या आंतर-देवघेवीत विचारून पाहा. ऑडिओ घेताना ‘संक्षिप्त’ हा शब्द आहे का ते तपासा, कारण कात्री नेमकी छोट्या कंपन्यांच्या वर्षांवर चालते. ई-आवृत्तीत फोटोंची पानं गाळलेली किंवा शेवटी ढकललेली आढळतात.

बहुतेक आत्मचरित्रांना सूची नसते, तेव्हा ती वाचता वाचता स्वतः करा. मागच्या कोऱ्या पानावर फक्त माणसांची नावं आणि पृष्ठांक, किस्सा लिहायचा नाही. चार पुस्तकांना अशी सूची झाली की एखादं नाव घेऊन चारही उघडता येतात आणि एकाच रात्रीच्या चार हकिकती शेजारी शेजारी ठेवता येतात.